हृद्रोग्याचे पान : गोंदिया परिसरातील भातप्रधान आहार आणि मिठाची मर्यादा

१. प्रश्नाचे स्वरूप

हृद्रोग्याच्या आहारातील मीठ कमी करणे हा विषय सामान्यतः वैद्यकाच्या कक्षेतील समजला जातो. वैद्याने मर्यादा सांगावी आणि रोग्याने ती पाळावी, एवढ्यावर त्याची चर्चा संपते. वस्तुतः ती मर्यादा रोगी एकटा पाळीत नाही. त्याच्यासाठी स्वयंपाक करणारी पत्नी, सून, कन्या किंवा मुलगा ती रोज दोन वेळा प्रत्यक्षात आणीत असतो, आणि ज्या स्वयंपाकघरात हे घडते त्याच्या सवयी अनेक शतकांच्या व्यापाराने, धर्मविधींनी व पिकांनी घडविलेल्या असतात. त्यामुळे ‘मीठ कमी करा’ हा एकच उपदेश निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळे रूप घेतो.

प्रस्तुत निबंधात या दृष्टीने गोंदिया परिसराचा विचार केला आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश तलावांचा व धानाचा आहे, आणि गोंदिया शहर भातगिरण्यांमुळे तांदळाची नगरी म्हणून ओळखले जाते. समुद्रापासून दूर असलेल्या आणि तांदळावर जगणाऱ्या या प्रदेशात मिठाचे स्थान काय होते, ‘अळणी’ या कल्पनेला कोणकोणते अर्थ चिकटले, आणि हृद्रोग्याच्या पथ्याला या इतिहासाचा उपयोग होतो की अडथळा, असे तीन प्रश्न येथे उपस्थित होतात.

त्यांच्या मुळाशी एक व्यावहारिक चिंता आहे. मीठ वर्ज्य झालेल्या रोग्यासाठी बहुतेक घरांत वेगळे पातेले चढते व वेगळे ताट वाढले जाते. त्या ताटातील अन्न नकोसे झाले म्हणजे रोगी कमी जेवतो, क्षीण होतो, किंवा घरच्यांची नजर चुकवून लोणच्याच्या बरणीकडे वळतो. पथ्य मोडण्यास रोग्याचा हट्ट जितका कारण असतो, तितकीच पथ्याची मांडणी कारण असते. ही मांडणी बदलता येते काय, हे पाहण्यासाठी ती कशी तयार झाली हे प्रथम पाहणे अवश्य आहे.

२. ‘मीठ’ आणि ‘अळणी’

मराठीतील ‘मीठ’ हा शब्द संस्कृत ‘मिष्ट’ किंवा ‘मृष्ट’ या शब्दांशी जोडला जातो. त्याचा मूळ अर्थ गोड, रुचकर असा. हिंदीत त्याच मुळापासून आलेला ‘मीठा’ शब्द गोडाचा वाचक राहिला, तर मराठीने तो लवणाला बहाल केला. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर असलेल्या गोंदियाच्या बाजारात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ऐकू येतात. मराठी माणसाच्या लेखी अन्नाला रुची आणणारा पदार्थ मीठच होय, अशी साक्ष हा शब्द देतो. ‘लवण’ या शब्दाचा वारसा मराठीत ‘लोणचे’ या शब्दात टिकला आहे, आणि ‘अलवण’ या शब्दाचा ‘अळणी’ या विशेषणात.

‘अळणी’ या शब्दाचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. मूळ अर्थाने तो केवळ एका द्रव्याचा अभाव सांगतो. परंतु बोलण्यात तो निरस भाषण, निरस लेखन व निरस सहवास यांनाही लावला जातो. ज्या भाषेत मिठाचा अभाव हाच रसाचा अभाव ठरतो, त्या भाषेत वाढलेल्या रोग्याला ‘उद्यापासून अळणी जेवा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या जेवणातून आनंद वजा केल्याची सूचना देणे होय.

यात धर्मशास्त्राने आणखी एक छटा घातली आहे. गृह्यसूत्रांत व स्मृतींत ‘अक्षारलवण’ अन्नाचा निर्देश वारंवार येतो. विवाहानंतर ठरावीक रात्रीपर्यंत वधूवरांनी क्षार व लवण नसलेले अन्न खावे, असा नियम आश्वलायन गृह्यसूत्रात आहे. आशौचाच्या दिवसांतही असेच अन्न विहित मानले गेले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्राच्या बृहद् इतिहासात या विधींचा सविस्तर परामर्श घेतला आहे. लोकाचारात चातुर्मासात मीठ सोडण्याचा नेम आणि आदित्यवारी अळणी खाण्याचे व्रत हेही याच धारेतील होत. सारांश, मीठविरहित अन्न हे परंपरेने संयमाचे, प्रायश्चित्ताचे व सुतकाचे अन्न होते. व्रत चार दिवसांचे, सुतक दहा दिवसांचे. दोन्हींना शेवट आहे. हृद्रोग्याच्या पथ्याला तसा शेवट नसतो. ठरावीक मुदतीसाठी निर्माण झालेल्या या कल्पनेखाली उभे आयुष्य आणले गेल्यामुळे ते असह्य होते, ही गोष्ट या विषयावरील उपदेशपर वाङ्मयात क्वचितच लक्षात घेतली जाते.

३. मिठाची वाट

विदर्भात मिठाची वाटणी निसर्गाने विषमतेने केली आहे. पश्चिमेकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे; तेथील विहिरींचे पाणी खारट असून १९३० च्या चळवळीत अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे अशा पाण्यापासून मीठ काढून कायदेभंग करण्यात आला. पूर्वेकडे वैनगंगेच्या बाजूस तलावांचे गोडे पाणी आहे आणि मीठ असे कोठेच नाही. दोन्ही किनारे शेकडो मैल दूर. त्यामुळे गोंदिया परिसरात मिठाचा प्रत्येक खडा बाहेरून आलेला असे.

तो आणण्याचे काम बंजाऱ्यांचे. बैलांच्या पाठीवरील गोण्यांत मीठ भरून देशांतरी न्यायचे आणि परत येताना धान्य न्यायचे, हा त्यांचा व्यवसाय सुप्रसिद्ध आहे. मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ मध्ये चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या रसेलने ‘लभाण’ किंवा ‘लमाण’ या त्यांच्या नावाचा संबंध ‘लवण’ या शब्दाशी जोडला आहे. मीठ वाहणाऱ्यांना मिठावरूनच नाव मिळावे, यावरून अंतर्भागातील समाजाला त्यांची ओळख कोणत्या मालामुळे होती ते ध्यानात येते.

या वाटेवर राजकारणाचेही परिणाम झाले. १७५१ ते १८०३ या काळात ओरिसाचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. म्हणजे अर्धशतकभर नागपूरच्या राज्याला स्वतःचे मिठाचे किनारे होते. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि पुढे तेथील मिठावर कंपनीची मक्तेदारी बसली. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. त्या दशकात मिठाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी उभारलेली अंतर्गत जकातरेषा सिंधू नदीपासून महानदीच्या बाजूपर्यंत दोन हजार मैलांहून अधिक लांब पसरली होती, ती मध्य प्रांतातूनही गेली होती, आणि तिच्या राखणीसाठी सुमारे बारा हजार माणसे नेमलेली होती. तिच्या बऱ्याच भागावर काटेरी कुंपण वाढविण्यात आले होते. १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा रद्द झाली. त्यानंतर काही वर्षांतच नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग या प्रदेशातून गेला. १८८८ मध्ये तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला व रुंद करण्यात आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे अरुंद मार्ग निघाला आणि गोंदिया हे रेल्वेचे मोठे केंद्र बनले. मिठावरील कर मात्र कमीअधिक होत १९४७ पर्यंत टिकला.

या इतिहासावरून एक मोहक अनुमान काढण्याचा धोका संभवतो. मीठ दुर्मिळ होते म्हणून येथील भात अळणी शिजू लागला, असे म्हणता येईल काय? तसे म्हणता येत नाही. कोकणात मिठागरांच्या शेजारीही रोजचा भात बहुधा मिठावाचूनच शिजतो. भाताचे अळणीपण हे दुर्भिक्ष्याचे फळ नसून भातप्रधान जेवणाच्या रचनेचे अंग आहे. भात हा आधार, आणि चव त्याच्या भोवतालच्या पदार्थांत, अशी ही रचना. दुर्मिळतेने जे घडविले असेल ते इतकेच, की मीठ ही मोजून वापरण्याची वस्तू राहिली. रेल्वेने आणि पुढे स्वस्त पिशवीबंद मिठाने ही मोजणी अनावश्यक केली. आज भारतात दरडोई दररोज सुमारे ८ ते ११ ग्रॅम मीठ खाल्ले जाते असे निरनिराळ्या पाहण्यांचे अंदाज आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे सोडियमच्या हिशेबाने सुमारे २ ग्रॅम आहे.

४. आयुर्वेदातील मीठ

मिठाच्या अतिरेकाविषयीचा इशारा भारतीय वैद्यकात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पिंपळी, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अति प्रमाणात वापरू नयेत असे सांगितले आहे. तेथेच बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर या देशांतील लोक दुधाबरोबरही मीठ खातात आणि त्यामुळे शिथिल व क्लेश न सोसणारे होतात, असे निरीक्षण आहे. एखाद्या द्रव्याच्या उपभोगाची तुलना देशपरत्वे करून तिचा संबंध शरीरस्वास्थ्याशी लावण्याची ही पद्धती लक्षणीय होय. चिकित्सास्थानात शोथ व उदर या विकारांच्या अपथ्यांत लवणाची गणना आहे, आणि उदरात दुधावर राहण्याचा उपचारही सांगितला आहे. अंगावर सूज येणे व पोटात पाणी साठणे ही दुर्बल झालेल्या हृदयाचीही लक्षणे असतात. प्राचीन वैद्यांना हृदय व मूत्रपिंड यांच्या कार्याचा आजच्यासारखा उलगडा झाला होता असे यावरून म्हणता येणार नाही; परंतु सुजेचा व मिठाचा संबंध त्यांनी अचूक टिपला होता, हे निर्विवाद आहे.

महाराष्ट्राच्या परंपरेत हा विचार पाकशास्त्राशी जोडला गेला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथात अन्नपदार्थांचे गुणदोष वैद्यकाच्या अंगाने सांगितले आहेत. परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाकडे व त्याच्या कर्त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. एकोणिसाव्या शतकात मात्र वाटा वेगळ्या झाल्या. १८७५ च्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’ या पुस्तकापासून मराठीत छापील पाककृतींची परंपरा सुरू झाली आणि पथ्यविचार वैद्यकीय पुस्तकांकडे गेला. रुची आणि पथ्य यांची ही फारकत हृद्रोग्याच्या घरात आजही अनुभवास येते : चविष्ट पदार्थांचे पुस्तक एकीकडे आणि वर्ज्य पदार्थांची यादी दुसरीकडे.

५. पॅरिसपासून डरहॅमपर्यंत

पाश्चात्य वैद्यकाने हाच मार्ग निराळ्या साधनांनी आक्रमिला. १८६६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील राजवैद्य फिलिप कारेल याने सूज आलेल्या रोग्यांसाठी मोजक्या दुधाचा आहार सुचविला. पुढे हृद्रोग्यांसाठी रूढ झालेल्या त्याच्या स्वरूपात दिवसाला सुमारे ८०० मिलिलिटर दूध असे. त्यात सोडियम जेमतेम ०·४ ग्रॅम होते. उपचाराच्या यशाचे गमक त्यात होते, ही गोष्ट नंतर कळली. १९०३ च्या सुमारास पॅरिसमध्ये विडाल याने मूत्रपिंडाच्या रोग्यांत मीठ देऊन सूज वाढते व काढून घेतल्यास ओसरते हे वजनाच्या नोंदींनी दाखविले. १९०४ मध्ये आंबार व बोजार यांनी मिठाचा संबंध रक्तदाबाशी जोडला.

गोंदियासारख्या तांदळाच्या प्रदेशाच्या दृष्टीने पुढील अध्याय विशेष महत्त्वाचा आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या वॉल्टर केंपनर या वैद्याने १९३९ पासून उत्तर कॅरोलिनातील डरहॅम येथे ड्यूक विद्यापीठात तीव्र रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांना केवळ तांदूळ, फळे, फळांचे रस व साखर यांवर ठेवण्यास प्रारंभ केला. या आहारात दिवसाकाठी सोडियम सुमारे ०·१५ ग्रॅमच असे. १९४४ मध्ये त्याने आपले निष्कर्ष मांडले. कित्येक रोग्यांचा रक्तदाब उतरला, आणि फुगलेले हृदय आकाराने लहान झाल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसले. प्रभावी औषधे नसलेल्या त्या काळात हे यश असाधारण होते.

तथापि या आहाराचा इतिहास त्याच्या मर्यादेचाही इतिहास आहे. तो इतका एकसुरी होता की रुग्णालयाच्या देखरेखीबाहेर फार थोड्यांना तो झेपला. १९५७-५८ मध्ये क्लोरोथायाझाइड हे मूत्रल औषध उपलब्ध होताच कठोर आहाराचे महत्त्व झपाट्याने ओसरले. रोग्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो तांदळापासून नव्हे, चवीच्या अभावापासून. केंपनरच्या आहारातील तांदूळ अळणी होता. भातखाऊ प्रदेशांना त्या अळणीपणाभोवती चव कशी रचावी हे ठाऊक होते. डरहॅमच्या पथ्यात नेमका तोच भाग नव्हता.

६. अस्वाद आणि सहभोजन

विसाव्या शतकातील भारतात मीठ सोडण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कस्तुरबा गांधींच्या आजारपणातील आहे. दक्षिण आफ्रिकेत रक्तस्रावाने त्या दुखणाईत असताना गांधीजींनी त्यांना मीठ व डाळी सोडण्यास सुचविले. या गोष्टी तुम्हाला सांगितल्या तर तुम्हीही सोडणार नाही, अशा आशयाचे उत्तर कस्तुरबांनी दिले. तेव्हा गांधीजींनी स्वतः वर्षभर दोन्ही वर्ज्य करण्याचे जाहीर केले, आणि कस्तुरबांनी विनवूनही शब्द मागे घेतला नाही. आत्मकथेत हा प्रसंग घरातील सत्याग्रह म्हणून आला आहे. तो विकार हृदयाचा नव्हता, आणि त्या उपायाच्या गुणाची चर्चा येथे अभिप्रेत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पथ्य पाळणाऱ्या व्यक्तीचे ताट वेगळे राहिले नाही. काळजी घेणारा त्याच ताटावर बसला.

१९३६ पासून वर्ध्याजवळील सेवाग्राम हे गांधीजींचे स्थान झाले आणि साध्या, मसालाविरहित, एकत्र भोजनाची पद्धती विदर्भाच्या भूमीवर नांदली. तिच्या मागे अस्वादव्रत होते. अस्वाद म्हणजे चवीसाठी न खाता शरीररक्षणासाठी खाणे. हे व्रत स्वेच्छेने घेणाऱ्यास भूषणावह आहे; परंतु रोग्याने ते घेतलेले नसते, रोगाने त्याच्यावर लादलेले असते. म्हणून आश्रमाच्या परंपरेतून हृद्रोग्याच्या घराने एकत्र ताट घ्यावे आणि अस्वाद मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडावा, हे युक्त होय.

७. पानाची मांडणी आणि आधुनिक प्रयोग

मराठी पद्धतीने पान वाढताना आरंभी मीठ वाढतात. त्याची जागा पानाच्या डाव्या बाजूस, वरच्या अंगाला. त्याच्या ओळीने लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, आमटी. मध्यभागी भात, त्यावर वरण व तूप. या मांडणीचा अर्थ असा की मिठाचा काही भाग शिजविणाऱ्याच्या हातातून काढून जेवणाऱ्याच्या बोटांत दिलेला आहे. पुढे स्टीलच्या ताटाने व टेबलाने पान मागे सारले, आणि बहुतेक सर्व मीठ पातेल्यातच पडू लागले.

या जुन्या मांडणीचे मर्म आधुनिक प्रयोगांनी अनपेक्षितपणे उजेडात आणले. १९८७ मध्ये बोशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्तींना कमी मिठाचे शिजविलेले अन्न देण्यात आले आणि वरून मीठ घेण्याची पूर्ण मोकळीक ठेवण्यात आली. त्यांनी वरून घेतलेले मीठ, अन्नातून कमी केलेल्या सोडियमच्या एक-पंचमांशाहूनही कमी भरले. कारण समजण्यासारखे आहे. शिजलेल्या पदार्थाच्या अंतरंगात मुरलेल्या मिठाचा बराच भाग जिभेला न भेटताच पोटात जातो. पृष्ठभागावरचा कण लगेच विरघळून चव देतो. याच संशोधकांच्या १९८२ च्या अभ्यासात असे आढळले होते की काही महिने कमी मिठाचे अन्न घेतल्यावर माणसाची आवडच बदलते आणि पूर्वीचे जेवण त्याला अति खारट लागू लागते. म्हणजे अळणीपणाचे दुःख कायमचे नसते. पहिले दोन-तीन महिने निभावून नेणे हा खरा प्रश्न असतो.

रोग्याने किती काटेकोर असावे, याविषयीही अलीकडील संशोधन विवेक शिकविते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४१२ व्यक्तींवरील अमेरिकन प्रयोगात सोडियम टप्प्याटप्प्याने कमी केल्यास रक्तदाब त्या क्रमाने उतरतो, आणि फळे, भाज्या व कमी स्निग्ध दूध यांची जोड असल्यास लाभ वाढतो, असे दिसले. उलट २०२२ मध्ये हृदयाची कार्यशक्ती घटलेल्या ८०६ रोग्यांवरील, सहा देशांतील प्रयोगात सोडियम दीड ग्रॅमांखाली नेण्याचा प्रयत्न केल्याने मृत्यू व रुग्णालयप्रवेश यांत निश्चित घट आढळली नाही. रोग्यांच्या जीवनमानात मात्र काहीशी सुधारणा झाली. तात्पर्य, अति मीठ टाळणे हितावह आहे, परंतु मीठ जितके शून्याकडे न्यावे तितका गुण अधिक, हे गृहीत सिद्ध झालेले नाही. रोग्याची भूक राखणे हाही उपचाराचाच भाग ठरतो.

८. गोंदियाच्या स्वयंपाकघरात

या पार्श्वभूमीवर गोंदिया परिसराच्या जेवणाकडे पाहिले असता असे दिसते की त्याचा मोठा भाग मूळचाच निर्दोष आहे. भातात सोडियम नाममात्र असते. साधे वरण मिठाशिवाय शिजते. तलावातील ताज्या मासळीत व शिंगाड्यात सोडियम अल्प असते. धानाच्या बांधीत उतेरा पद्धतीने येणारे जवस भाजून कुटले म्हणजे त्याला स्वतःचा खमंगपणा असतो, आणि तीच गोष्ट तिळाची. अंबाडी, चिंच, कैरी, आवळा व लिंबू यांच्या आंबटपणामुळे मिठाची उणीव जिभेला कमी जाणवते. विदर्भात ‘सांबार’ म्हणून ओळखली जाणारी कोथिंबीर, लसूण, जिरे आणि नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरची यांचा उपयोगही याच दिशेने होतो.

दोष शिरतो तो कडेने. लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, सुकट, बाजारचे फरसाण ही मिठाची खरी कोठारे होत. एका उडीद पापडात पाव ग्रॅमपर्यंत सोडियम असू शकते; म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा आठवा हिस्सा एका पापडात संपतो. खाण्याचा सोडा व पापडखार यांतही सोडियम आहे, जरी ती चवीला खारट लागत नाहीत. सोड्याच्या वजनाचा चतुर्थांशाहून अधिक भाग सोडियमचाच असतो. डाळ लवकर शिजावी म्हणून टाकलेली चिमूट येथे हिशेबात धरावी लागते. सैंधवाविषयीचा समजही तपासून घेतला पाहिजे. उपवासाला चालते म्हणून ते हृद्रोग्यालाही चालते, असे अनेक घरांत मानले जाते. परंतु सैंधव हेही मुख्यत्वे तेच सोडियमयुक्त लवण आहे. शिवाय आयोडीन मिसळलेले नसल्यास तो लाभही त्यापासून मिळत नाही.

यावरून जी रीत निष्पन्न होते ती साधी आहे. दिवसाचे ठरलेले मीठ सकाळीच एका लहान डबीत काढून ठेवावे. सपाट भरलेला लहान चमचा सुमारे ५ ग्रॅमांचा धरला तर वैद्याने सांगितलेल्या मर्यादेप्रमाणे त्याचा अंश ठरविता येतो. भात, पोळी, भाकरी यांत मीठ मुळीच घालू नये. वरण व भाजी सर्वांसाठी एकाच पातेल्यात, मिठावाचून शिजवावी. लसूण-जिऱ्याची फोडणी शेवटी वरून द्यावी, म्हणजे तिचा वास ताटापर्यंत टिकतो. मग प्रत्येकाने आपल्या पानावर मीठ घ्यावे, आणि रोग्याने आपल्या डबीतून. अंबाडीची भाजी भाताच्या कण्या घालून शिजविली व वर कुटलेले जवस भुरभुरले, तर तिला मिठाची अपेक्षा थोडीच राहते. ताजी मासळी चिंचेच्या कोळात व लसणाच्या वाटणात शिजविली तर सुकटीची आठवण होत नाही. लोणच्याच्या जागी ताज्या कैरीचा किंवा आवळ्याचा कीस, मिरची व फोडणी यांसह वाढता येतो. पापड सणावारापुरता ठेवावा.

दोन सावधगिऱ्या मात्र आवश्यक आहेत. सोडियमच्या जागी काही अंशी पोटॅशियम असलेले पर्यायी मीठ हितकारक ठरल्याचे चीनमधील सहाशे खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात दिसले; परंतु मूत्रपिंड अशक्त असलेल्या किंवा हृदयासाठी विशिष्ट औषधे घेणाऱ्या रोग्यांत पोटॅशियम साठून धोका उद्भवतो, म्हणून वैद्याच्या संमतीवाचून ते वापरू नये. दुसरी गोष्ट हवामानाची. गोंदियाच्या मे महिन्यात मूत्रल औषधे घेणाऱ्या वृद्धाला घाम फार येतो. अशा वेळी अति कठोर पथ्याने रक्तातील सोडियम घटून ग्लानी व भ्रम उत्पन्न होऊ शकतो. चिमटीचे प्रमाण ऋतूप्रमाणे वैद्याकडून तपासून घेणे इष्ट.

९. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अळणी अन्नाविषयीची अरुची ही केवळ जिभेची नाही. तिच्यामागे व्रत, प्रायश्चित्त व सुतक यांच्या स्मृती आहेत, आणि वेगळे ताट त्या स्मृती दररोज जाग्या करते. दुसरी, डरहॅमच्या प्रयोगापासून अलीकडील संशोधनापर्यंतचा अनुभव असा की चवीवाचून चालविलेले पथ्य गुणकारी असले तरी टिकत नाही, आणि न टिकणाऱ्या पथ्याचा गुण कागदावर राहतो. तिसरी, ज्या प्रदेशात अळणी भात हा जेवणाचा मध्य आहे आणि पानावरील मीठ ही जुनी रीत आहे, त्या प्रदेशाला कमी मिठाचे रुचकर जेवण परक्याकडून शिकण्याचे कारण नाही.

गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून घरी परतणाऱ्या हृद्रोग्याला दिल्या जाणाऱ्या आहारपत्रकात वर्ज्य पदार्थांच्या यादीबरोबर या प्रदेशाच्या पानाची मांडणीही असावी, असे सुचविता येईल : एकच पातेले, मध्यभागी भात, डाव्या बाजूस मोजून घेतलेले मीठ. बंजाऱ्यांच्या बैलांवरून मीठ येत होते त्या काळी ते दुर्मिळ म्हणून मोजले जात असे. आता ते स्वस्त आहे, तरीही मोजण्याचे कारण नव्याने उत्पन्न झाले आहे. मात्र ही मोजणी घरातील एकाच्या ताटापुरती न ठेवता सर्वांच्या पातेल्यापासून सुरू झाली, तर रोग्याला पंक्तीतून उठावे लागणार नाही, आणि ज्यांना अद्याप रोग झालेला नाही त्यांचेही हित साधेल.